नरक्या

होटगी रोडला, बंद पडलेल्या टॉवेलच्या कारखान्यात
माग होते तिथं आता रॅक आहेत.
रॅकवर बरण्या, बरण्यांत थिजलेला आगर,
आगरात रोवलेलं बोटाच्या पेराएवढं हिरवं.
बाहेर चव्वेचाळीस. आत पंचवीस.

हे झाड सह्याद्रीच्या ओल्या उतारावरचं.
त्याला घाण वास येतो, म्हणून नाव नरक्या.
पण गाठी विरघळवणारं काहीतरी त्याच्या लाकडात आहे,
ते कळलं आणि डोंगरच्या डोंगर
मुळासकट ट्रकमध्ये चढले.
उरलेल्यातलं थोडं इथं आलं,
जिथं सावलीलाही घाम फुटतो.

माझं काम सोपं आहे.
चिमटा ज्योतीत धरायचा, निवू द्यायचा,
पानाच्या कडा टाकायच्या, मधला चौकोन ठेवायचा.
पहिल्याच दिवशी बिराजदार मॅडम म्हणाल्या,
हात बसलाय तुझा, कुठं शिकलीस?
म्हटलं, विडी घरकुलात.

आई पत्र्याचा फर्मा ठेवून पान कापते.
चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोरा.
दिवसाला हजार.
कारखान्यात त्यातल्या पन्नास-साठ छाट म्हणून बाजूला पडतात,
त्यांचे पैसे नाहीत.
माझीही छाट असते: बुरशी धरलेल्या बरण्या.
त्या मी सोमवारी मोजते
आणि झाकण न उघडता उकळायला टाकते.

आई खोकते, पण सूप मांडीवरून उतरवत नाही.
सिव्हिलमधला फोटो ट्रंकेत, साड्यांच्या खाली.
मी तो उजेडात धरून पाहिलाय.
मला त्यातलं काही कळत नाही,
मला फक्त पानातलं कळतं.

यंत्रावर रेघ सरळ येते.
सरळ म्हणजे काही नाही.
बरणीतल्या झाडात औषध जवळजवळ नसतंच.
मॅडम म्हणतात, ते आपल्यासाठी करतच नाही गं झाड.
अळी कुरतडते, ऊन भाजतं, तेव्हा चिडून करतं.
आपण त्याला साखर देतो, झोपेची वेळ लावून देतो.
त्यानं चिडावं कुणावर?
म्हणून आम्ही थेंबभर खोटी जखम घालतो आगरात.
झाडं बहुधा ओळखतात.

मेच्या चौदा तारखेला दुपारी लाईट गेली.
जनरेटरची टाकी गळून कोरडी.
मुजावरभाई स्कूटरला कॅन लटकवून डिझेलला गेले,
आणि आम्ही खिडक्यांवर ओल्या चादरी टांगल्या,
जेकॉर्डच्या, मोर असलेल्या.
चार तास. एकेचाळीसपर्यंत चढलं.
बरण्यांना आतून घाम आला.
दोनशे चाळीस बरण्या मान टाकून बसल्या.

उरलेल्या वाळवल्या, दळल्या, यंत्रात घातल्या.
आणि तीन नमुन्यांत रेघ उठली.
मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
कुणी काही बोललं नाही.

मग आम्ही मुद्दाम तापवलं. चार तास, एकेचाळीस.
जुलैत, ऑगस्टमध्ये, दिवाळीनंतर.
रेघ झोपलेलीच.
त्या दुपारी अजून काय होतं खोलीत?
आमची धावपळ? चादरीतल्या रंगाचा वास?
रजिस्टरला मॅडमच्या अक्षरात एवढंच आहे:
पुन्हा पाहणे.

आईला हे सगळं एकदा सांगितलं,
अर्धं मराठीत, अर्धं तेलुगूत.
मधेच म्हणाली, मंदु एप्पुडु वस्तुंदी?
औषध कधी येणार?
मी म्हटलं, पंधरा वर्षं. आलं तर.
ती मान हलवत राहिली,
पंचविसाचा कट्टा बांधेपर्यंत.

मग माझा हात ओढून नाकाशी नेला.
स्पिरिट, साबण, रबरी हातमोजे.
म्हणाली,
दिवसभर पानं कापतीस म्हणतीस,
मग हाताला पानाचा वास कसा नाही?